ऐंशी विद्यार्थ्यांच्या वर्गात मोबाइल ॲप: कोणते, किती आणि कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय, प्रथम वर्ष बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. वर्गात ८० मुले-मुली, तास ५० मिनिटांचा. बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन आहे, पण सगळ्यांकडे नाही. काहींचा डेटा दुपारपर्यंत संपतो. महाविद्यालयाचे वाय-फाय वर्गापर्यंत पोचत नाही. शिकवताना मोबाइल ॲप वापरायचे ठरले आहे, तर कोणते घ्यावे आणि सुरुवात कशी करावी?

आधी एक गोष्ट पक्की करू. ॲपची यादी काढून त्यातून निवड करायला बसलात तर महिन्याभरात वर्गात पाच ॲप येतील आणि एकही धड वापरले जाणार नाही. उलट बाजूने या. व्याख्यानाच्या तासात फळा-खडूने नीट होत नाही असे काय आहे? मोठ्या वर्गात त्याचे उत्तर बहुधा एकच असते: ८० जणांपैकी प्रत्येकाने विचार करून उत्तर दिले का, हे शिक्षकाला कळत नाही. "समजलं का?" विचारले की पुढच्या दोन बाकांवरून "हो सर" येते आणि तास पुढे सरकतो. ॲपकडून पहिले काम हेच करून घ्या. दुसरे काम प्रात्यक्षिकाचे: फोनमधले संवेदक (सेन्सर) मोजमापासाठी वापरणे. तिसरे काम घरच्या उजळणीचे. या तीन कामांसाठी तीन साधने पुरतात, आणि त्यातली पहिली दोन अशी निवडता येतात की विद्यार्थ्याच्या डेटाची गरजच पडत नाही.

वर्गातल्या प्रश्नांसाठी प्लिकर्स हे ॲप घ्या. यात फोन फक्त शिक्षकाकडे लागतो. विद्यार्थ्यांच्या हातात कागदी कार्ड असते, त्यावर क्यूआरसारखी काळी-पांढरी आकृती असते. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे अगदी बारीक छापलेली असतात. जे उत्तर द्यायचे ते अक्षर वर येईल असे कार्ड धरायचे. शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवतो आणि कोणत्या क्रमांकाच्या कार्डाने काय उत्तर दिले ते ॲप नोंदवते. अक्षरे बारीक असल्यामुळे शेजाऱ्याला उत्तर दिसत नाही. लाजणाऱ्या मुलांसाठी हे फार मोलाचे आहे. इंटरनेट लागते ते फक्त तुमच्या फोनला.

नेहमीचा कार्डसंच ४० चा असतो, मोठा ६३ चा. तुमचा वर्ग ८० चा आहे, म्हणजे दोघांत एक कार्ड. ही तडजोड वाटली तरी फायद्याचीच आहे, कारण उत्तर ठरवण्याआधी दोघांना बोलावेच लागते. जोड्या महिनाभर कायम ठेवा आणि कार्ड क्रमांकासमोर दोघांचे रोल नंबर लिहून ठेवा. कार्डे जाड, बिनचकाकीच्या कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन केले की खिडकीचा किंवा ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होतो आणि कॅमेरा नेमकी तीच कार्डे वाचत नाही. बोटे आकृतीवर आली तरी वाचन अडते, म्हणून कार्ड कडेने धरायला पहिल्याच दिवशी शिकवा. मागच्या बाकांची कार्डे वाचली जात नसतील तर मधल्या वाटेने चार पावले आत जा. तरीही जमले नाही तर मोठ्या आकाराचा संच छापा.

साधन झाले. आता खरा कस प्रश्नाचा लागतो. "न्यूटनचा दुसरा नियम कोणता?" हा प्रश्न या कामाचा नाही, त्याने फक्त पाठांतर कळते. प्रश्न असा हवा की त्याचे चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या डोक्यात खरोखर असलेल्या गैरसमजांतून आलेले असतील. उदाहरण घ्या: चेंडू सरळ वर फेकला आहे. सर्वोच्च बिंदूला त्याचे त्वरण किती? पर्याय: (ए) शून्य; (बी) ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने (हे बरोबर); (सी) ९.८, वरच्या दिशेने; (डी) वर जाताना वर आणि येताना खाली, म्हणून त्या क्षणी ठरवता येत नाही. बारावी चांगल्या गुणांनी पास झालेल्या वर्गातही "शून्य" म्हणणारे भरपूर निघतात, कारण वेग शून्य आणि त्वरण शून्य यांची गल्लत होते. असा एक प्रश्न दहा सोप्या प्रश्नांच्या बरोबरीचा असतो.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून असा प्रश्न देऊन विद्यार्थ्यांना एकमेकांशी चर्चा करायला लावण्याची पद्धत रुजवली आणि तिचा क्रम आजही तसाच वापरता येतो. दहा-बारा मिनिटे शिकवा. प्रश्न फळ्यावर लिहा किंवा पडद्यावर दाखवा. दीड मिनिट पूर्ण शांतता. मग जोडीत हळू आवाजात उत्तर ठरवून कार्डे वर, पहिले मतदान. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तर उत्तर सांगू नका. "तुमच्यापेक्षा वेगळे उत्तर असलेला शेजारी शोधा आणि त्याला पटवा," असे सांगून दोन-तीन मिनिटे द्या. तुमच्याकडे कार्डामागे आधीच दोघे आहेत, त्यामुळे इथे एका जोडीने मागच्या किंवा पुढच्या बाकावरच्या जोडीशी बोलायचे. मग दुसरे मतदान आणि त्यानंतर तुमचे स्पष्टीकरण. ७० टक्क्यांहून जास्त बरोबर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. ३० टक्क्यांहून कमी असतील तर चर्चेचा उपयोग नाही, कारण पटवून देणारेच वर्गात पुरेसे नसतात. तिथे संकल्पना दुसऱ्या वाटेने पुन्हा शिकवा.

इथे सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे पहिल्या मतदानानंतर लगेच स्तंभालेख पडद्यावर दाखवणे. उंच स्तंभ दिसला की वर्ग तिकडे झुकतो, चर्चा मरते आणि दुसऱ्या मतदानात फक्त बहुमत मोजले जाते. आलेख लपवून ठेवा. दुसरी चूक मतदानाला गुण देण्याची. चुकीच्या उत्तराला गुण कापले जाणार असतील तर मुले हुशार मुलाला विचारून आपले कार्ड फिरवतात आणि तुम्हाला वर्गाचे खोटे चित्र मिळते. भाग घेतल्याची नोंद ठेवा, बरोबर-चूक याची नको. ५० मिनिटांच्या तासात असे दोन प्रश्न नीट बसतात, तिसरा बसत नाही. त्यामुळे पाठ्यक्रम मागे पडेल ही भीती खरी आहे. त्यावर उपाय एकच: व्याख्या, साधी सिद्धता, घटकांची यादी हे वाचून यायला द्या आणि तासात फक्त अवघड जागा घ्या.

कहूटसारखी प्रश्नमंजुषेच्या खेळाची ॲप या कामाला का नकोत? तिथे प्रत्येकाला फोन आणि चालू डेटा लागतो, आणि नेहमीच्या मांडणीत लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात. ज्याचे नेटवर्क मंद तो हरतो आणि जो विचार करतो तोही हरतो. सत्राच्या शेवटी उजळणीची मजा म्हणून एखाद्या वेळी ठीक आहे, संकल्पना पक्की करण्यासाठी नाही.

प्रात्यक्षिकासाठी फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने हे ॲप २०१६ मध्ये आणले. मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि एकदा उतरवून घेतले की मोजमापाला इंटरनेट लागत नाही. फोनमधला त्वरणमापी (ॲक्सेलरोमीटर), घूर्णनमापी (जायरोस्कोप), चुंबकमापी, मायक्रोफोन आणि असल्यास दाबमापी व प्रकाशमापी हे सगळे त्यातून वाचता येतात. स्वस्त फोनमध्ये घूर्णनमापी किंवा दाबमापी बहुधा नसतो, त्यामुळे पहिल्या प्रात्यक्षिकाला गट पाडण्याआधी कोणाच्या फोनमध्ये काय आहे याची नोंद करून घ्या. ज्या प्रयोगाला लागणारा संवेदक फोनमध्ये नसतो, तो प्रयोग ॲपच्या यादीत फिका दिसतो.

वरचा चेंडूचा प्रश्न आणि हे ॲप एकत्र आणले की एक सुंदर आणि फसवी गोष्ट समोर येते. टेबलावर स्थिर ठेवलेल्या फोनमध्ये "गुरुत्वासह त्वरण" हे मोजमाप सुमारे ९.८ दाखवते. तोच फोन एक मीटर उंचीवरून जाड उशीवर सोडला तर पडत असताना ते जवळजवळ शून्य होते. उत्साही विद्यार्थी लगेच म्हणतो, "बघा सर, त्वरण शून्य!" तास इथे थांबवा. संवेदकाच्या आत स्प्रिंगला टांगल्यासारखे एक सूक्ष्म वस्तुमान असते आणि ते कवचाच्या तुलनेत किती सरकले हे मोजले जाते. मुक्त पतनात कवच आणि वस्तुमान दोन्ही सारख्याच त्वरणाने पडतात, म्हणून सरकणे शून्य. टेबलावर मात्र टेबल कवचाला वर रेटते, म्हणून ९.८. एवढे कळले की पुढचा प्रश्न विचारा: फोन वर फेकून झेलला तर आकडा फक्त वरच्या टोकाला शून्य होईल की हात सुटल्यापासून झेलेपर्यंत सगळा वेळ? आलेखात सगळा वेळ शून्याजवळ दिसतो. वरच्या बिंदूला वेगळे काही घडत नाही, हे आता मुले स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. ही जोडणी न करता नुसता प्रयोग करून घेतला तर गैरसमज आणखी घट्ट होतो, म्हणून त्यावर एवढे बोललो.

त्याच पतनावरून गुरुत्वत्वरणही काढता येते. एक मीटरच्या पतनाला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. आलेखावर आकडा शून्याकडे उतरतो तो क्षण आणि आपटल्याचा उंच काटा येतो तो क्षण, या दोन्हींतले अंतर मोजायचे. मग उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागायचे: २ भागिले ०.२०२५, म्हणजे ९.९ च्या आसपास. त्रुटीचा हिशेब इथेच शिकवा. फोन सेकंदाला ५० नोंदी घेत असेल तर दोन नोंदींत ०.०२ सेकंदाचे अंतर पडते. वेळेत तेवढी चूक झाली तर ती ४ टक्क्यांहून थोडी जास्त, आणि वेळेचा वर्ग घेतल्यामुळे उत्तरात सुमारे ९ टक्के. २०० नोंदी घेणाऱ्या फोनवर तीच सव्वादोन टक्क्यांवर येते. महागडा फोन असलेल्या गटाचे उत्तर का बरे आले, याचे कारण आता मुलांना आकड्यांत सांगता येते. उंची उशीच्या वरच्या पृष्ठभागापासून फोनच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजणे ही नेहमीची चूक. उशी दोन थरांची ठेवा आणि फोन आडवा सोडा. फोन फिरत पडला की शून्याऐवजी वेडावाकडा आलेख येतो.

ध्वनीचा वेग काढण्याचा प्रयोग तर दोन फोनवर होतो. फायफॉक्समधले "ध्वनी स्टॉपवॉच" (ॲकॉस्टिक स्टॉपवॉच) दोन्हींत उघडा आणि फोन बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवा. एक विद्यार्थी पहिल्या फोनजवळ टाळी वाजवतो, दोन्ही घड्याळे सुरू होतात. दुसरा विद्यार्थी दुसऱ्या फोनजवळ टाळी वाजवतो, दोन्ही बंद होतात. पहिला फोन पहिली टाळी लगेच ऐकतो आणि दुसरी उशिरा, दुसरा फोन नेमके उलट. म्हणून दोन्ही वेळांतला फरक हा ध्वनीला १० मीटर जायला लागणारा वेळ असतो. २५ अंश तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे ३४६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे फरक साधारण ०.०२९ सेकंद यायला हवा. पंखे बंद करा. घड्याळ आपोआप सुरू होत असेल तर आवाजाची मर्यादा वाढवा. पहिल्या टाळीच्या प्रतिध्वनीनेच घड्याळ थांबत असेल तर किमान विलंब वाढवा. खोलीत फार घुमत असेल तर व्हरांड्यात किंवा मैदानावर जा. दर गटाने पाच वाचने घेऊन सरासरी काढावी. चार जणांचा गट आणि दोन फोन असे धरले तर २० जणांच्या बॅचला १० फोन पुरतात. ज्याच्याकडे फोन नाही तो टाळी वाजवतो, अंतर मोजतो, तक्ता भरतो, आणि पुढच्या प्रयोगाला कामे बदलतात.

एका फोनवरचा आलेख सगळ्यांना दाखवायचा असेल तर ॲपमध्ये दूरस्थ प्रवेशाची सोय आहे. फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, प्रोजेक्टरला जोडलेला लॅपटॉप त्यावर जोडा आणि फोनवर दिसणारा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. यासाठी डेटा लागत नाही. महाविद्यालयाच्या वाय-फायवर हेच अनेकदा चालत नाही, कारण तिथे एका उपकरणाला दुसऱ्याशी थेट बोलू न देण्याची मर्यादा घातलेली असते. तिथे वेळ घालवू नका, सरळ हॉटस्पॉट वापरा.

तासानंतरच्या कामासाठी गुगल फॉर्म पुरेसा आहे. तीन प्रश्न, आठवड्यातून एकदा, मुदत दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत. म्हणजे ज्याचा डेटा संपला तोही भरू शकतो. यात अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. महाविद्यालयाच्या खात्यावरून फॉर्म केला तर तो अनेकदा संस्थेतल्या खात्यांपुरताच उघडतो आणि वैयक्तिक जीमेल असलेल्या मुलांना "परवानगी नाही" असे दिसते. फॉर्म पाठवण्याआधी ती मर्यादा काढा आणि दुसऱ्याच कुणाच्या फोनवर तो उघडून पाहा. "एकच प्रतिसाद" ही अट घातली की गुगल खात्यात शिरावे लागते, मग बहिणीचा किंवा मित्राचा फोन वापरणाऱ्याची अडचण होते. फाइल मागवणारा प्रश्न टाळा. त्यालाही खाते लागते आणि ८० जणांचे फोटो तुमच्याच ड्राइव्हची जागा खातात. रोल नंबर लिहायला सांगू नका. कोणी "२३" देवनागरीत लिहितो, कोणी इंग्रजी आकड्यांत, कोणी पुढे "रोल नं." जोडतो, आणि तक्ता जुळवताना संध्याकाळ जाते. रोल नंबरांची ड्रॉपडाउन यादी द्या, म्हणजे मुले त्यातून आपला नंबर निवडतील. शीटमधला पूर्ण स्तंभ कॉपी करून पर्यायांत चिकटवला की ती एका झटक्यात तयार होते.

मराठीत प्रश्न देणार असाल, आणि प्रथम वर्षाला द्यावेतच, तर दोन गोष्टी सांभाळा. जुन्या नोट्स श्री-लिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या बिगर-युनिकोड टंकांत असतील तर तो मजकूर फॉर्ममध्ये चिकटवल्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरे, रफार, अर्धा र नजरेने तपासा. दुसरे, एका शब्दाचे मराठी उत्तर यंत्राकडून तपासून घेऊ नका. "शक्ती" आणि "शक्ति" हे यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. एवढेच काय, "ॲ" हे अक्षर दोन प्रकारे टंकता येते, डोळ्याला सारखे दिसते आणि यंत्राला वेगळे वाटते. बरोबर लिहिणाऱ्या मुलाला शून्य मिळाले की त्याचा या सगळ्यावरचा विश्वास उडतो. बहुपर्यायी प्रश्न यंत्राला द्या, वाक्यातली उत्तरे स्वतः वाचा. ८० उत्तरे वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि पुढच्या तासाचा प्रश्न बहुधा त्यातच सापडतो.

याशिवाय सूत्रे, एकके, व्याख्या यांच्या उजळणीसाठी अँकीड्रॉइड हे, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशा कार्डांवर चालणारे, मोफत ॲप चांगले. रोएडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने स्वतःला तपासून आठवणारे पुढे गेले. अँकी तेच करून घेते, वाढत्या अंतराने. रोजची नवी कार्डे मुळात २० ठेवलेली असतात, ती ७-८ वर आणा. नाहीतर दोन आठवड्यांत रोजच्या उजळणीचा डोंगर होतो आणि मुले ॲप काढून टाकतात. एका कार्डावर एकच गोष्ट. पानभर सिद्धता कार्डावर घालू नका. हे ऐच्छिक ठेवा, सक्ती केली की फक्त बटणे दाबली जातात.

ध्वनिफिती आणि चित्रफिती देताना आकाराकडे बघा. दहा मिनिटांचे बोलणे ३२ केबीपीएस मोनोमध्ये साधारण अडीच एमबी होते, तेवढ्याच वेळेची साधी चित्रफीत सहज ७०-८० एमबी. सिद्धता समजावायची असेल तर फळ्याचे तीन फोटो आणि ध्वनिफीत पुरते. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या टॉकबॅकला (अँड्रॉइडमधली पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) वाचता येत नाही, त्याला टंकलिखित प्रत द्या.

व्हॉट्सॲपवर सूचना द्यायला हरकत नाही, पण साध्या गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो आणि त्यातून मुलींना नको ते संदेश येतात. कम्युनिटीच्या घोषणा गटात सदस्यांचे नंबर इतर सदस्यांपासून झाकलेले राहतात, तो वापरा. प्रथम वर्षाची कित्येक मुले १७ वर्षांची असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. म्हणून जन्मतारीख, फोटो, ठिकाण मागणारे कोणतेही ॲप स्वतःहून सक्तीचे करू नका. प्लिकर्समध्येही नावांऐवजी रोल नंबर भरा. जीपीएसवरून हजेरी घेणारी ॲप तर नकोतच. इमारतीच्या आत ठिकाण काही दहा मीटरांनी चुकते, म्हणून वर्गात बसलेला गैरहजर लागतो आणि कँटीनमधला हजर.

क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात एकही ॲप नको. फक्त चार चांगले प्रश्न तयार करा आणि हात वर करून वर्गाचा अंदाज घ्या. दुसऱ्या आठवड्यापासून कार्डे. तिसऱ्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या वेळी फायफॉक्स. तेव्हा तुमच्या हॉटस्पॉटवरून, प्ले स्टोअरमधूनच ते उतरवून द्या, एकमेकांकडून फाइल घेऊन नको. चौथ्यापासून आठवड्याचा फॉर्म. प्रयोग सुरू नसेल तेव्हा मुलांचे फोन पालथे, बाकावर. खिशात ठेवलेला फोन लपूनछपून बाहेर येतो, बाकावरचा सगळ्यांना दिसतो. मग पहिल्या अंतर्गत परीक्षेत चेंडूच्या प्रश्नासारखाच, पण वेगळ्या प्रसंगातला प्रश्न घाला, जसे की टोकाला पोचलेल्या दोलकाचे त्वरण. तिथे "शून्य" लिहिणारे किती उरले ते मोजा आणि त्यावरूनच कार्डे पुढे चालू ठेवायची की प्रश्न बदलायचे ते ठरवा.